दार बंद ठेवा

त्याला थंड्या म्हणत, ते दोन कारणांनी. एक म्हणजे तो फ्रीज दुरुस्त करायचा. दुसरं म्हणजे, अंगावर छप्पर कोसळलं असतं तरी त्याने आधी हातातला पाना जागेवर ठेवला असता आणि मग वर बघितलं असतं. पाळण्यातलं नाव आता फक्त मतदार यादीत उरलं होतं.

दुकान गल्लीच्या टोकाला होतं, लांबट आणि अरुंद. पुढच्या अर्ध्यात गिऱ्हाइकांचे फ्रीज, सगळे भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे. मागच्या अर्ध्यात त्याची खाट, शेगडी, एक नळ आणि ते जुनं यंत्र. माणसाहून हातभर उंच शीतकपाट. खाली पट्ट्यावर फिरणारी मोटर, वर जाडजूड दार. थंड्याच्या वडिलांकडे ते कुणी दुरुस्तीला टाकलं आणि परत न्यायला आलंच नाही. वडिलांनी ते दुरुस्त केलं आणि चालू ठेवलं, कायमचं. यंत्र बंद पडून राहिलं की गंजतं, माणसासारखंच, असं ते म्हणत. गल्लीत कुणाचा पाय मुरगळला की बर्फ तिथूनच जाई, आणि नेणारा हमखास दार उघडं टाकून पळे. म्हणून वडिलांनी लाल रंगाने, थोड्या रागाने, दारावर लिहिलं होतं : दार बंद ठेवा.

थंड्याचा पाळणा त्या दाराशेजारी टांगलेला असे. आई तो चालायला लागायच्या आधीच गेली. त्याला निजवायचं काम त्याच्याहून आठ वर्षांनी मोठ्या ताईकडे आलं. आणि ती बिचारी थोपटता थोपटता स्वतःच झोपून जायची. मग उरायची ती मोटर. एकच सूर, खालचा, न तुटणारा. दुसरी पोरं अंगाईवर वाढली, हा मोटरवर.

पुढे ताई लग्न होऊन लांबच्या गावी गेली, वडील गेले, आणि दुकानात दोघंच उरले, थंड्या आणि यंत्र. ताई दर रविवारी फोन करायची. जेवलास का, काय जेवलास, कुणाबरोबर जेवलास, हे तिचे तीन प्रश्न ठरलेले. तिसऱ्याला तो विषय बदलायचा.

मास्तरीण त्याच्या दुकानात आली ती फ्रीजमागोमाग. शाळेत भूगोल शिकवायची, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. फ्रीज गार होत नव्हता आणि तिला तो आजच हवा होता. स्टुलावर बसून ती वाट बघत राहिली, आणि कंटाळून, नकळत, यंत्राच्या सुराला सूर लावून काहीतरी गुणगुणायला लागली. थंड्या फ्रीजखाली पालथा पडून दाराचं रबर बसवत होता. त्यानेही नकळतच खालून एक सूर धरला. मास्तरीण थांबली.

"आत्ता खालून कोण म्हणालं?"

"मीच. इथे दुसरं कोण आहे?"

"हे काय, आहेत की," तिने यंत्राकडे हात केला. "चांगले खर्जातले आहेत. आजोबा का तुमचे?"

तेव्हापासून यंत्राचं नाव आजोबा पडलं आणि बँडचा आरंभही तोच. थंड्याने भंगारातून एक बेस गिटार आणली. चारच तारा, म्हणजे चुका करायला जागा कमी, असा त्याचा हिशोब. मास्तरणीने आपल्या नेहमीच्या चष्म्याच्या दुकानातला मुलगा धरून आणला. नंबर तपासता तपासता तो बोटांनी काउंटरवर काहीतरी वाजवत असे, आणि घरी त्याची गिटार होती. त्याला सगळे चष्मा म्हणू लागले. गंमत म्हणजे तो स्वतः चष्मा लावत नसे. चौथा बेकरीवाला. त्याला ड्रम वाजवायला कुणी शिकवलं नव्हतं. पहाटे तीनपासून कणीक बडवून त्याचे हात असे तयार झाले होते, की त्याच्यापुढे काही ठेवलं की ते ठेक्यात येई. त्याची झोप दुपारी व्हायची, म्हणून सराव संध्याकाळी पाच ते सात, मंगळवार आणि शुक्रवार. बँडचं नाव काय, यावर तीन आठवडे भांडणं झाली. शेवटी बेकरीवाला दाराकडे बघून म्हणाला की लिहिलेलंच आहे की, पुसायचं कशाला. नाव ठरलं.

सूर जुळवायला त्यांच्याकडे आजोबाच होते. पद्धत थंड्याने घालून दिली. तार छेडायची आणि ऐकायचं. दोन सूर अगदी जवळ आले पण एक झाले नाहीत, की त्यांच्यात लाट उठते, वँव, वँव, वँव. तार पिळत जावं तशी लाट संथ होते, आणि एका क्षणी थांबते. "लाट थांबली की जुळलं," एवढंच त्याचं संगीतशास्त्र. आजोबांचाही एक नखरा होता. बर्फ काढायला दार उघडलं, की आतली गार हवा खाली पट्ट्यावर पडून सूर उतरायचा, आणि पट्टा पुन्हा तापून खरा सूर लागायला दहा मिनिटं जायची. तोवर कुणी तारेला हात लावायचा नाही.

पहिल्या कार्यक्रमात फजिती झाली. ग्रंथालयाच्या सभागृहात चौघं वाद्यं घेऊन उभे, आणि आजोबा दुकानात. चष्मा म्हणे माझी तार बरोबर, मास्तरीण म्हणे मला गळा वर न्यावा लागतोय. समोर पस्तीस माणसं, त्यातली बारा बेकरीवाल्याचे नातलग. थंड्या पाना खाली ठेवावा तशी गिटार खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, एक हात कानावर घेतला, आणि गुणगुणला. तोच सूर. चौतीस वर्षं कानात मुरलेला, केसभरही इकडेतिकडे नाही. चष्म्याने तार जुळवली, लाट थांबली, आणि बेकरीवाला हळूच म्हणाला, "आजोबा आले."

मग तो रिवाजच झाला. कुठेही गेले तरी पडद्यामागे थंड्या भिंतीकडे तोंड करायचा, बाकीचे श्वास धरून उभे राहायचे, आणि कुणीतरी म्हणायचं, आजोबा आले. वादक म्हणून आपण जेमतेम आहोत हे थंड्याला ठाऊक होतं. चष्म्याची बोटं पळत, त्याची चालत. पण त्या अर्ध्या मिनिटात त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. आयुष्यात पहिल्यांदाच, आपण आलो नाही तर काही सुरू होणार नाही, अशी एक जागा त्याला मिळाली होती.

नऊ वर्षं अशी गेली. कारखान्याच्या कॅन्टीनपासून कॉलेजच्या मैदानापर्यंत. कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता त्यांनी दुकानातच, फ्रीजचे रिकामे खोके भिंतीला लावून, पहिला गाण्यांचा संच ध्वनिमुद्रित केला. वेष्टनंही त्या खोक्यांचीच, हाताने कापलेली. गाणी या फोनवरून त्या फोनवर गेली, अनोळखी पोरं ओळी पाठ म्हणू लागली. एक तक्रार मात्र सतत यायची. तुमच्या गाण्याबरोबर घरी वाजवायला बसलो की आमची गिटार लागतच नाही, असं का? ते चौघं यावर पोट धरून हसायचे. आजोबांना विचारा म्हणावं.

सात वाजता सगळे गेले की दुकानात चार कप उरत. थंड्या ते लगेच धूत नसे. सकाळी धुऊ, म्हणायचा. चार कप ओट्यावर असले की मंडळी नुकती उठून बाहेर गेल्यासारखी वाटत.

दहाव्या वर्षी बोलावणं आलं : अकरा शहरांत कार्यक्रम, दोन महिने, त्याआधी नव्या संचाचं मुद्रण मोठ्या स्टुडिओत. बोलावणाऱ्याची एकच विनंती होती. आवाज थोडा भरा, पियानो घ्या. पियानोवालीही त्यानेच पाठवली, लहानखुरी, कमी बोलणारी मुलगी. स्टुडिओतल्या पियानोवर तिने एक सूर दाबला, चौघांनी आपापला धरला, आणि सगळ्यांची तोंडं लिंबू चावल्यासारखी झाली. चष्म्याकडे हल्ली चिमट्यासारखं एक यंत्र होतं, गिटारीला लावलं की काटा सूर दाखवतो. आजवर ते त्याने संकोचाने खिशातच ठेवलं होतं. आता त्याने ते लावलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"आपण वर आहोत," तो म्हणाला. "सगळेच. एकसारखे."

"किती?" मास्तरणीने विचारलं.

"केसभर."

"कुणाचा केस?" बेकरीवाल्याने विचारलं. त्याला टक्कल होतं. कुणी हसलं नाही.

पियानोच्या दोनशेवर तारा एका जुन्या मोटरसाठी कोण पिळणार? आणि अकरा शहरांत अकरा पियानो असणार. जगाचा सूर ठरलेला होता, आणि थंड्याचा तो नव्हता. चष्म्याने दुपारभरात गिटार उतरवली. मास्तरीण दोन दिवस कुरकुरली आणि तिसऱ्या दिवशी गायली. थंड्याच्या बेसच्या तारांचंही काही अडलं नाही, त्या पिळाल तिथे राहतात. अडलं ते गळ्याचं. त्यांच्या पहिल्यावहिल्या गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबायची आणि दोनच आवाज उरायचे, वर मास्तरणीचा, खाली थंड्याचा. त्या दोन ओळींवर लोक जीव टाकत. तिथे आला की थंड्याचा आवाज सरकायचा. अंधारात गुरं घरची वाट धरतात, तसा तो आजोबांकडे निघायचा. मग पियानो पुन्हा आला की जिन्याची पायरी चुकल्यासारखं व्हायचं.

मुद्रणाला तीन आठवडे असताना मास्तरीण एकटीच दुकानात आली. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा, आपटला की जगाचा ठरलेला सूर देणारा, तिने पदराआड लपवून आणला होता. विज्ञानाच्या मास्तरांना हे कळलं तर माझीच शिकवणी घेतील, म्हणाली. मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. शेवटी आजोबांकडे न बघता म्हणाली, "तुझ्या डोक्यात हे अखंड चालू असतं, रे. एकदा बंद करून तर बघ."

"बाबांनी कधी बंद नाही केलं."

"बाबा बँडमध्ये नव्हते."

ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. "त्या ओळी तुझ्याच आहेत, थंड्या. पण लागल्या नाहीत तर त्या पियानोवाली गाईल. मला ते नकोय. म्हणून आधी सांगतेय."

रविवारी दुपारी त्याने आतला बर्फ काढून मोरीत टाकला, दार लावलं आणि खटका खाली केला. पट्टा दोनदा हिसकला आणि थांबला. त्याला वाटलं, कान बधिर झाले. मग एकेक आवाज पुढे आला. नळाचा थेंब. शेजारच्या घरात वाटीत फिरणारा चमचा. स्वतःच्या पायाखालची फरशी वाजते, हे त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेवढ्यात ताईचा फोन आला. जेवलास का, काय जेवलास, इथपर्यंत ठीक गेलं. मग ती म्हणाली की तुझा फोन बिघडलाय का, मागे काहीच ऐकू येत नाहीये.

"आजोबा बंद केले."

पलीकडे ताईने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे आता तू एकटाच आहेस?"

त्याने विषय बदलला.

तीन आठवडे तो नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरत होता. तांब्याच्या नळ्या झाळताना, साबणाच्या फेसाने गळती शोधताना, तोंडात तोच सूर. गिऱ्हाइकांना वाटलं, याला काहीतरी झालंय. मुद्रणाच्या दिवशी त्या दोन ओळी पहिल्यांदा म्हटल्या तेव्हा तो वर सरकला. दुसऱ्यांदा इतका जपला की खाली घसरला. तिसऱ्यांदा सूर लागला, अगदी काट्यावर. काचेपलीकडच्या माणसाने अंगठा वर केला. पण मास्तरणीने मान खाली घातली होती, आणि का, ते थंड्याला न सांगता कळलं. सूर धरण्यातच त्याचा सगळा जीव गेला होता. गाण्याला काही उरलं नव्हतं. डॉक्टरपुढे आ केल्यासारखा आवाज आला होता.

त्याने कानावरचे हेडफोन काढून जागेवर ठेवले आणि पियानोवालीला म्हणाला, "तू म्हण." ती म्हणाली. एकदाच. छान म्हणाली.

त्यानंतर त्यानेच बोलून टाकलं, की दोन महिने दुकान टाकून येणं काही जमायचं नाही. गिऱ्हाइकांचे फ्रीज अडकतील, आणि बेसचं काम पियानोवालीचा डावा हात माझ्यापेक्षा बरं करतोच. मास्तरीण भांडली. चष्मा म्हणाला, असं कसं, असं कसं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज जरा हलका झाला होता. बेकरीवाल्याने स्वतःची भट्टी दोन महिन्यांसाठी भावाच्या हाती दिली होती. तो फक्त थंड्याकडे बघत राहिला, आणि थंड्या वायर गुंडाळत राहिला.

ते गेले. मंगळवार आले, शुक्रवार आले. पाच वाजले की तो शटरकडे बघायचा, आणि मग आपण शटरकडे बघितलं म्हणून स्वतःवरच चिडायचा. एकच कप लागायचा, तो थंड्या लगेच धुवायचा. आजोबा त्याने पुन्हा चालू केले नाहीत. चालू केले असते तर ऐकावे लागले असते. दारही त्याने घट्ट लावूनच ठेवलं होतं. बंद यंत्राचं दार उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. आपल्या यंत्राला ते त्याने लागू केलं नाही.

सातव्या आठवड्यात, एका संध्याकाळी सातच्या सुमाराला, तो एका फ्रीजमागे बसून नळी झाळत असताना फोन वाजला. मास्तरीण होती. मागे गर्दीचा घोंगाट.

"ऐक. इथला पियानो आज मोडलाय, पाय निखळलाय त्याचा. पियानोवालीला छोटी विजेवरची पेटी मिळालीय, तिचा सूर हवा तिथे नेता येतो. मी म्हटलं, मग पहिलं गाणं पूर्वीसारखं घेऊ. चष्मा म्हणतोय जुनं मुद्रण लावून जुळवतो. मी म्हटलं, मुद्रण कशाला, घरी विचारते. आजोबा दे जरा."

थंड्याने हातातली झाळायची बत्ती बंद केली. आजोबा दहा आठवडे बंद होते. चालू केले तरी सूर लागायला दहा मिनिटं. हे तिला सांगता आलं असतं.

"कधी आहे सुरुवात?" त्याने विचारलं.

"आत्ता. पाच मिनिटांत."

तो उठला, भिंतीकडे तोंड केलं, हात कानावर घेतला आणि गुणगुणला. पलीकडे गिटारीची तार वाजली, पिळली, पुन्हा वाजली. मग घोंगाटातही त्याला बेकरीवाल्याचा आवाज ओळखू आला. आजोबा आले.

"हाच ना रे?" मास्तरणीने विचारलं.

गेल्या दहा आठवड्यांत त्याच्या कानात नादकाटा होता, नळ होता, फरशी होती. हाच का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"हाच," तो म्हणाला.

"ठेवते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्याने जाऊन खटका वर केला. पट्टा कुरकुरला, कण्हला, फिरायला लागला. खाटेखालून बेस काढून त्याने आत्ता दिलेला सूर तारेवर धरला, हरवू नये म्हणून, आणि आजोबांपुढे स्टूल घेऊन बसला. दहा मिनिटं घड्याळ लावून. मोटर तापली, सूर वर चढत गेला, ठरला. त्याने तार छेडली.

वँव. वँव. वँव.

त्याने दिलेला सूर खाली होता. फार नाही, जगाच्या आणि आजोबांच्या मधे कुठेतरी. म्हणजे या घडीला, कितीतरी कोसांवर, भरल्या सभागृहात चार माणसं अशा सुरात वाजवायला उभी होती, जो कुठल्याच काट्यावर नव्हता आणि आजोबांचाही नव्हता. त्यांच्यात एकसारखेच, म्हणून त्यांना कळणार नव्हतं. ऐकणाऱ्यांना तर नाहीच. हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

थंड्याने खुंटीला हात घातला. तार केसभर वर पिळली असती, तर लाट थांबली असती. तो तसाच बसला, खुंटीवर बोटं ठेवून. मग बोटं काढली, उठला, आणि खटका पुन्हा खाली केला. पट्टा दोनदा हिसकला आणि थांबला.

पाच मिनिटं उशीर गृहीत धरला, तर ते आता पहिल्या गाण्यावर आले असतील. मास्तरीण आधी दोन शब्द बोलतेच. बेकरीवाला काड्या तीनदा आपटतो. थंड्याने मनात तीन मोजले आणि सुरू केलं, त्यांच्याच सुरात. बोटं चालत गेली, जशी नेहमी चालत. गिटारीच्या जागी त्याने गिटारीपुरतं थांबून घेतलं, कडव्यांना कडव्यांपुरतं. शेवटी वाद्यं थांबतात तिथे त्याने हात तारांवरून उचलला आणि आपल्या दोन ओळी म्हटल्या, वरच्या आवाजाला जागा ठेवून. आवाज सरकला नाही. सरकला असता तरी काय, लाट उठायला दुसरा सूर लागतो.

मग त्याने बेस खाटेखाली सरकवली. दुकानात नळाचा थेंब पडत होता. त्याने आजोबांचं दार उघडलं, आतला कोंदट वास बाहेर येऊ दिला, फडक्याने रबर पुसलं. दार आपल्या वजनाने पुन्हा लागायला बघत होतं. ओट्यावरच्या फळीवर उपडे ठेवलेले तीन कप होते, मंडळी गेल्यापासून न लागलेले. त्यातला एक घेऊन त्याने दाराच्या फटीत ठेवला.